बटलरमामांचे अकराचे टेबल

बाटलीचे बूच काढताना आवाज झाला, तर बटलरमामा बाटलीला दोष देत नसत. स्वतःच्या हाताला देत. फसफसणाऱ्या वाइनचे बूच बार उडाल्यासारखे छतावर आदळले पाहिजे, असा जो सर्वसाधारण समज आहे, तो त्यांना मुळीच मान्य नव्हता. "बार लग्नात उडवा," ते म्हणत. "टेबलावर आवाज म्हंजी आडानीपना. बूच फिरवायचं न्हाई, बाटली फिरवायची. बूच निस्तं धरून ऱ्हायाचं, लेकराचं बोट धरल्यावानी. मंग आतला वारा आपसूक सुस्कारा टाकतो. त्यो सुस्कारा पाव्हन्याला ऐकू आला न्हाई पायजे, बटलरला ऐकू आला पायजे." शिरूरच्या एस.टी. स्टँडवर गोळी-सोड्याची बाटली फट्‌कन फुटली, की ते डोळे मिटून घेत आणि पुटपुटत, "ह्यो सोडेवाला न्हाई, तोफखाना हाय."

मामांचे मूळ घर शिरूरचेच, मिशनच्या चर्चमागे. परंतु त्यांचे सारे आयुष्य दौंड जंक्शनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये गेले. तीस वर्षे त्यांनी तेथे साहेबलोकांच्या टेबलावर वाढले आणि निवृत्त झाल्यावर पत्नीसह शिरूरला परतले. गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा कोट त्यांनी निवृत्तीनंतरही सोडला नाही. भाजी आणायला जातानाही ते असे चालत, की जणू हातात भरलेला ट्रे आहे. त्यांचे खरे नाव कागदोपत्रीच राहिले. गावाने त्यांना बटलरमामा म्हटले आणि त्यांनी ते एखाद्या किताबासारखे स्वीकारले.

मी तेव्हा, आणि आजही, शिरूरच्या मामलेदार कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण फार झालेले नाही. व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेने मला दोनदा नाकारले. परंतु त्या परीक्षेने ज्यांना स्वीकारले, त्यांचेही अर्ज मीच लिहून दिले आहेत, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. मामा मला 'रायटर' म्हणत. दर मंगळवारी बाजारातून परतताना ते माझ्या पेटीजवळ थांबत, माझी दौत सरळ करून ठेवत आणि सांगत, "वस्तू वाकडी ठिवली की काम वाकडं होतं, रायटर."

दौंडच्या आठवणींत त्यांचा जीव रविवारच्या 'अकराच्या टेबला'त असे. रविवारी साहेबलोक उशिरा उठत, चर्चला जात आणि अकराच्या सुमारास खायला बसत. "ब्रेकफस्टबी न्हाई आन् लंचबी न्हाई," मामा सांगत. "मधलंच काय तरी. पर त्याचाच थाट मोठा." त्या टेबलावर अंडी असत, भाजलेला पाव असे, कलेजी असे; आणि या सर्वांच्या आधी उंच दांडीच्या ग्लासातून फळांच्या रसात फ्रेंच वाइन मिसळून दिली जाई. ते मिश्रण मामा स्वतः करीत, दुसऱ्या कोणास हात लावू देत नसत. मी एकदा विचारले, "मामा, चव कशी असते?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू एखाद्या पुजाऱ्याला नैवेद्य आधी चाखलास का असे विचारले होते. "म्या कवाच घेतली न्हाई," ते म्हणाले. "वाढनाऱ्यानं चाखली की हात थरथरतो." ही गोष्ट अक्षरशः खरी होती. हजारो बाटल्या उघडणाऱ्या या माणसाने जन्मात एक थेंबही जिभेला लावला नव्हता.

मामींचे तसेच. त्या रिफ्रेशमेंट रूमच्या मागील बाजूस ग्लास धूत. त्यांनी धुतलेला ग्लास उजेडात धरला, तर नुसता उजेडच दिसे, काच दिसत नसे, असे मामा अभिमानाने सांगत. त्यांना मूलबाळ नव्हते. मामी ठेंगण्या, सावळ्या आणि बोलण्यात मामांना कधी हार न जाणाऱ्या होत्या. मामा दौंडच्या गोष्टी रंगात येऊन सांगू लागले, की त्या स्वयंपाकघरातून म्हणत, "सांगा, सांगा. लाटसाहेबाची मिशी तुमीच पुसत व्हता म्हनून सांगा!"

इंग्रज गेले तेव्हा रिफ्रेशमेंट रूमच्या साहेबाने निघताना मामांच्या हातात एक बंद बाटली ठेवली. दुसऱ्यांसाठी तुम्ही पुष्कळ उघडल्या, ही तुमची, असे काहीसे तो म्हणाला. मामांनी ती शिरूरला आणून पाण्याच्या माठाखालच्या ओल्या वाळूत आडवी निजवली. माठ झिरपे, वाळू गार राही. दर रविवारी ते ती बाटली किंचित फिरवून पुन्हा झाकत. पुढे दारूबंदी आली. मी त्यांना कायद्याची कल्पना दिली. ते म्हणाले, "इमानी मानसाला मानानं दिलेली वस्तू म्या मोरीत वतू? वाळूत झोपलीया, झोपू द्या." त्यांनी ती लपवली मात्र नव्हती. कोणी विचारले तर वाळू बाजूला करून दाखवीत. परंतु फ्रेंच अक्षरे वाचणारा गावात कोणी नसल्यामुळे बहुतेकांना ते एखादे औषध वाटे.

दारूबंदीला सहा-सात वर्षे झाली असतील. त्या हिवाळ्यात मामींना धाप लागू लागली आणि पायांवर सूज आली. मिशनच्या डॉक्टरने तपासून मामांना बाजूला घेतले आणि सांगितले, की आता पथ्य नको, मन जाईल ते खाऊ द्या. मामांनी घरी येऊन विचारले. त्यांना वाटले, बाई सुकट मागेल, नाहीतर पुरणपोळी. मामी म्हणाल्या, "अकराच्या टेबलावर तुमी देत व्हता त्ये द्या. तीस वर्सं उष्ट्या ग्लासाचा निस्ता वास घेतला. त्यात हाय काय येवढं, त्ये एकदा कळू द्या मला."

दुसऱ्या दिवशी मामा माझ्यासमोर उभे राहिले. "रायटर, अर्ज लिवायचाय. ईस्टरच्या रविवारी बाटली उघडायची परवानगी पायजे."

मी आवाज खाली आणून म्हणालो, "मामा, अर्ज कशाला? दार लावा, बूच काढा, मामींना पाजा. तुम्ही तर आवाजसुद्धा होऊ देत नाही. कळणार कोणाला?"

त्यांचा चेहरा मी तसा लाल झालेला पूर्वी पाहिला नव्हता. "दार लावून? त्या समद्या सायेबलोकास्नी म्या पांढऱ्या चादरीवर, पंख्याखाली, झुकून वाढलं. आन् माझ्या बायकूला दार लावून पाजू? तिनं काय चोरी केलीय?"

मी अर्ज लिहावयास घेतला. दारूबंदीतही आरोग्याच्या कारणास्तव परवाना मिळण्याची सोय होती आणि त्या अर्जाचा मजकूर मला पाठ होता. पाबळपासून भांडगावपर्यंतच्या किती प्रतिष्ठित मंडळींना माझ्या त्या चार ओळींनी परवाने मिळवून दिले होते! सवयीप्रमाणे मी झरझर लिहिले आणि खणखणीत आवाजात वाचून दाखविले: 'अर्जदारास गेली तीस वर्षे मद्यपानाची जबर सवय जडलेली असून, ते एकाएकी बंद झाल्यामुळे त्याचे जीवितास धोका उत्पन्न झाला आहे. तरी हुजुरांनी गरीब, वृद्ध व अज्ञान अर्जदारावर दया करून...'

"कुनाला जडलीय सवय?" मामांनी विचारले.

"तुम्हाला."

"म्या कवा घेतली?"

"घेतली नाही, हे मला ठाऊक आहे. कचेरीला ठाऊक असण्याचे कारण नाही. परवाना याच शब्दांना मिळतो, मामा. नुसते कागदावर तर म्हणायचे."

"मरतो तवा मानूस कागदावरच ऱ्हातो, रायटर." त्यांनी अर्ज माझ्या हातातून घेतला, नॅपकिनसारखी त्याची नीट घडी केली आणि मग तो मधोमध फाडला. "दुसरा लिवा. म्या सांगतो तसा."

त्यांनी सांगितलेला अर्ज सहा ओळींचा होता. मी दौंडचा बटलर आहे. माझ्याजवळ एक फ्रेंच बाटली आहे. ती मी ईस्टरच्या रविवारी दिवसा अकरा वाजता माझ्या अंगणात उघडणार आहे. माझी आजारी बायको पिणार आहे, मी पिणार नाही. परवाना द्यावा. मी शेवटी 'दया व्हावी' एवढे तरी घालू का, म्हणून अक्षरशः विनवणी केली. "दया कशापायी?" ते म्हणाले. "कळवावं, म्हना." दयेची याचना नसलेला असा अर्ज मी त्या दिवसापर्यंत लिहिला नव्हता. खाली सही करताना त्यांनी नावापुढे 'बटलर' असे लिहिले आणि त्याखाली एक रेघ ओढली.

बातमी गावभर झाली. चर्चचे पाळकसाहेब घरी आले. मिशनच्या मंडळीत दारूचे नावही वर्ज्य होते. ते बिचारे सौम्य गृहस्थ होते, म्हणाले, "बाबा, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी हे करू नका. मंडळीच्या यादीतून तुमचे नाव काढावे लागेल." मामा म्हणाले, "काढा. पर एक सांगा, पाळकसाहेब. काना गावच्या लग्नात प्रभूनं पान्याचा द्राक्षारस केला, त्यो काय लिंबाचं सरबत व्हता?" पाळकसाहेब उठले. मामी आतून म्हणाल्या, "च्या तरी घ्या जाताना. त्याला काय कायदा न्हाई अजून."

कचेरीचे उत्तर ईस्टरच्या आदल्या दिवशी आले. सदरहू कारणासाठी परवाना देण्याची तरतूद नाही. बाटली त्वरित सरकारजमा करावी. कसूर केल्यास खटला होईल. मी ते वाचून दाखविले. मामांनी विचारले, "'त्वरित' म्हंजी कवा?" मी म्हणालो, "म्हणजे आजच." ते म्हणाले, "उद्या अकरानंतर देतो," आणि दौंडहून एस.टी.ने यायच्या बर्फाची चौकशी करावयास निघून गेले.

रविवारी मी गेलो तेव्हा साडेदहा झाले होते. न जाण्याची कारणे मी घरी बसून पुष्कळ शोधली होती. कचेरीसमोर बसणाऱ्या माणसाने कचेरीच्या आज्ञेविरुद्ध चाललेल्या कामास हजर राहणे इष्ट नव्हे, हेही मला समजत होते. तरी गेलो. अंगणातल्या कडुलिंबाखाली टेबल होते, त्यावर परीटघडीची चादर, चार उंच दांडीचे ग्लास, उकडलेली अंडी, पाव, काळी द्राक्षे. बादलीत भुसा झटकलेला बर्फ आणि बर्फात ती बाटली. मामी बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी लग्नातले हिरवे लुगडे नेसले होते. शेजारच्या मास्तरीणबाई त्यांना वारा घालीत होत्या.

मामा संत्री पिळत होते. रस त्यांनी मलमलीतून दोनदा गाळला. मग मूठभर डाळिंबाचे दाणे पुरचुंडीत बांधून नुसते दाबले, कुस्करले नाहीत; बी दुखावली तर कडवटपणा उतरतो, असे ते म्हणाले. संत्र्याच्या पिवळ्या रसात तो लाल रस पडला आणि उन्हात सकाळ उगवल्यासारखा रंग आला.

एवढ्यात दारूबंदीचे फौजदार आत आले. वय तिशीच्या आतबाहेर, घाम निथळत होता. त्यांनी मामांना सलाम केला नाही, पण टोपी काढली. "मामा, बाटली अशीच्या अशी माझ्या हातात द्या. केस करत नाही. शब्द देतो."

"उघडल्यावर देतो, सायेब."

"उघडली तर केस होईल."

"व्हऊ द्या की."

"अहो, या वयात कोर्टात उभं राहायचंय का?"

"तीस वर्सं हुबाच व्हतो, सायेब. बसायचीच सवय न्हाई."

फौजदार पुढे सरकले. तेव्हा मामी बाजेवरून म्हणाल्या, "लेकरा, उनात का हुबा? सावलीत ये. अकराला पाच मिंटं कमी हायती, माझ्या नवऱ्याचं घड्याळ कवा चुकत न्हाई." फौजदार सावलीत आले. त्यांनी बाटली का घेतली नाही, हे त्यांनी मला पुढे कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

अकरा वाजता मामांनी बाटली रुमालात धरली. इतक्या वर्षांत तिच्यातला वारा उरला आहे की मेला आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला. तार सोडली. बूच धरले, बाटली फिरवली. थोडी, आणखी थोडी. आम्ही सर्व कान देऊन उभे होतो, आणि आम्हाला काहीच ऐकू आले नाही. फक्त मामांचे डोळे एकदम मिटले. मग बाटलीच्या तोंडाशी धुरासारखे काहीतरी तरळले.

त्यांनी ग्लासात आधी तिसरा हिस्सा रस घेतला, ग्लास तिरका धरला आणि काचेच्या कडेने वाइन सोडली. ढवळले नाही. "ढवळलं की बुडबुडं पळून जात्यात," ते कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले. तळापासून बारीक मण्यांच्या माळा वर चढू लागल्या. त्यांत दोन द्राक्षे सोडली, तर तीही वर-खाली नाचू लागली. मग त्यांनी एक हात पाठीमागे घेतला, कमरेत झुकले आणि ग्लास मामींच्या उजव्या बाजूने पुढे केला. साहेबांच्या मडमेपुढे ते जसे झुकले असतील तसेच. कदाचित थोडे अधिक.

मामींनी घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. सर्व धावले. त्या हसत होत्या. "अवो, नाकात मुंग्या आल्या!" दुसरा घोट सावकाश घेतला. "ह्याच्यापायी येवढं बूट वाजवीत यायचं व्हय सायेबलोक? संत्रं तर आपल्याच बाजारातलं लागतंय." तिसऱ्या घोटानंतर त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, "चांगलं हाय पर. लई चांगलं हाय. तुमी एक घोट घ्या."

"ड्यूटीवर हाय."

"मेली ती ड्यूटी," मामी म्हणाल्या आणि ग्लास पुन्हा भरण्यासाठी पुढे केला.

फौजदारांना मामांनी नुसता संत्र्याचा रस दिला, वाइनशिवाय. "तुमी सरकारी मानूस," ते म्हणाले, आणि फौजदारांनी तो प्याला. माझ्या हातात मात्र भरलेला ग्लास आला. त्याचे मी पुढे काय केले, हे मी आजही लेखी देणार नाही.

मग पंचनामा. मी लिहिता माणूस, म्हणून फौजदारांनी मलाच पंच केले आणि कागद पुढे सरकवून सांगू लागले, "लिहा. आरोपीच्या घराच्या मागील अंधाऱ्या खोलीत, गोणपाटाखाली लपवून ठेवलेली मद्याची बाटली..." ते दुष्टपणाने सांगत नव्हते. पंचनामा असाच लिहितात. लपवलेली दारू सापडते, असा मजकूरच ठरलेला होता, आणि असे कितीतरी पंचनामे मी डोळे मिटून लिहिले होते.

मी लेखणी खाली ठेवली. "साहेब, बाटली टेबलावर आहे."

"रायटर, उगाच घोळ घालू नका. नेहमीचं लिहा."

"नेहमीचे लिहिणार नाही."

"उद्या कचेरीसमोर बसायचंय ना तुम्हाला?"

हा प्रश्न मला बरोबर जेथे लागायचा तेथे लागला. घरी सहा माणसे खाणारी होती. मी मामांकडे पाहिले. ते आमच्याकडे बघतही नव्हते. मामींच्या हनुवटीवरचा थेंब नॅपकिनने टिपत होते. मी लेखणी उचलली आणि माझ्या हातून उतरले ते असे: 'आरोपीच्या राहत्या घराच्या अंगणात, दिवसा अकरा वाजता, लिंबाच्या झाडाखाली, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, उघड्यावर व सर्वांच्या देखत.' फौजदारांनी ते वाचले. बराच वेळ वाचले. मग म्हणाले, "सही करा," आणि स्वतःही केली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मामी गेल्या. पाळकसाहेबांनी मंडळीच्या यादीतून कोणाचेच नाव न काढता त्यांना मूठमाती दिली.

खटला पावसाळ्यात उभा राहिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद वाचून मामांकडे चष्म्यावरून पाहिले. "आजोबा, वय झालंय. चूक झाली म्हणा, ताकीद देऊन सोडतो." मी मागून त्यांचा कोट ओढला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"सायेब, बाटली म्या उघडली. कायदा मोडला, त्ये कबूल. पर चूक झाली न्हाई म्हननार. चूक म्हनलं तर माझी बायकू जाता जाता चोरीचं प्याली, असं हुईल. त्ये चोरीचं नव्हतं. माझ्या हातचं व्हतं. तुमच्या कागदातबी तसंच लिवलंय."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पंचनामा पुन्हा काढला आणि ती ओळ मोठ्याने वाचली. कोर्टात काही माणसे हसली. शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत कैद. शिपायाने बाकाकडे बोट दाखविले. मामा बसले नाहीत. पांढऱ्या कोटाची सर्व बटणे लावून, हात पाठीशी घेऊन, भिंतीला न टेकता ते संध्याकाळपर्यंत उभे राहिले.

बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "रायटर, त्या पंचनाम्याची नक्कल काढायला अर्ज करा." नक्कल मिळाल्यावर त्यांनी ती काचेत बसवून घेतली आणि जेथे लोक लग्नाचा फोटो लावतात तेथे लावली. दोन वर्षांनी तेही गेले. तोवर कोणी आले, की ते बोटाने 'सर्वांच्या देखत' हे शब्द दाखवीत.

ती चौकट आता माझ्या बैठकीत, पेटीच्या मागे टांगलेली आहे. परवान्याचा अर्ज लिहून घ्यायला आजही प्रतिष्ठित माणसे येतात आणि हळू आवाजात म्हणतात, "नेहमीचं लिहा." मी त्यांना आधी ती चौकट वाचायला लावतो. वाचून काही उठून जातात. मी त्यांना अडवत नाही. जे बसून राहतात, त्यांना मी विचारतो, "खरे काय ते सांगा," आणि मगच दौत उघडतो.